साळुंकीला घाट उतरवताना

“दाबा की ब्रेक, वैनी! दाबा!”

धाकटे दीर बिरूभावजी ओरडले तेव्हा माझा पाय ब्रेकवरच होता, आणि तो पार तळाला टेकला होता. पिकअपनं आपली चाकं रोवली होती. पण मागे जोडलेला घोड्याचा ट्रेलर थांबायचं नाव घेईना. जत्रेच्या गर्दीत मागचा माणूस पुढच्याला ढोपरानं रेटतो, तसा तो आम्हाला रेटत राहिला. समोर पेरूंची हातगाडी. गाडीवालीच्या एका हातात पेरू, दुसऱ्यात सुरी, आणि तोंड उघडं. तिच्या पेरूंपासून वीतभर अंतरावर आम्ही कसेबसे थांबलो. मागे ट्रेलरमध्ये आमची घोडी साळुंकी खिंकाळली आणि तिनं फळीवर एक लाथ हाणली.

“डोळं म्हायेरी ठिवून आलीस काय गं?” गाडीवाली माझ्यावर खेकसली.

“म्हायेर लांब हाय तिचं,” मागच्या सीटवरून आमचे सासरे, आबा, म्हणाले. “डोळं कवाच वाटंत सांडल्यात.”

कन्नड गाव मागे पडत होतं. पुढे थोडं गेलं की घाट सुरू होतो आणि रस्ता खाली खानदेशात उतरतो. आम्हाला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या स्पर्धेत साळुंकीला पंचांसमोर उभं करायचं होतं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. त्या वर्षी गुढीपाडव्याला आमच्या मालकांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि ते खाटेला लागले. तालुक्यात घोडे ने-आण करायचा धंदा आमचा एकट्याचा होता. लग्नाचे, शर्यतीचे, नाचाचे, सगळे घोडे आमच्या ट्रेलरमधून जायचे. मालक पडले तशी पिकअपची किल्ली मी उचलली. खाटेवर पडल्यापडल्या त्यांनी मला चाक खोलायला, बसवायला, तारा जोडायला शिकवलं. हात माझे, डोकं त्यांचं. गावाला ते रुचलं नाही. आबांना तर मुळीच नाही. या खेपेला निघताना त्यांनी दारातच, शेजारपाजारच्यांदेखत सांगून टाकलं होतं, “ह्या वक्ताला काय वाकडं झालं तर चावी बिरूची. मग रडायचं न्हाय.” चावी बिरूभावजींकडे म्हणजे धंदा त्यांच्याकडे. आणि मग खाटेवरचे मालक, मी नि माझी दोन लेकरं त्यांच्या ओसरीवरचे पाहुणे.

बिरूभावजींचं पाळण्यातलं नाव बिरुदेव. ते त्यांना जुनाट वाटे, म्हणून त्यांनी ट्रेलरच्या पाठीवर हातभर अक्षरांत ‘बी. डी. शेठ’ असं रंगवून घेतलं होतं. पांढरे बूट, काळा गॉगल. घोड्याचा वास त्यांना सोसत नसे, पण घोड्यासोबतचा फोटो मात्र हवा असे. मालक पडण्याआधी अधूनमधून एखादी खेप तेही मारत, आणि त्या चार खेपांच्या गोष्टी चाळीस खेपांएवढ्या सांगत.

“ब्रेक न्हाय लागला,” मी म्हणाले. “ट्रेलरचा.”

“ब्रेक हाय तसाच हाय. पाय बघा आपला,” भावजी म्हणाले. “दादा चालवत व्हता तवा कधी ढकललं का ह्येनं? मी चालवत व्हतो तवा? पाडव्यापासनं चावी तुमच्याकडं, आन् दिवाळीपासनं ट्रेलर ढकलाय लागला. हिशेब सरळ हाय.”

“बाई ब्रेकवर पाय ठिवूनच गाडी हाकती,” आबा म्हणाले. “झिजलं असंल समदं.”

खोटं नव्हतं. दिवाळीपासून ट्रेलर जड लागत होता. आधी नुसता हलका धक्का, मग रेटा, आणि आज हे. मी एकदा मालकांना सांगितलंही होतं. ते म्हणाले, “घाट लागायच्या आधी बघून घे गं.” तेवढ्यात सारंगखेड्याची जत्रा आली.

घाटाच्या अलीकडे एक टायरचं दुकान होतं. तिथे मी गाडी लावली. दुकानवाला हारूण म्हणून होता, पोट सुटलेला, लुंगीत. त्यानं ट्रेलरला एक चक्कर मारली.

“घोड्याचं घर हाय का लग्नाचा मांडव? ब्रेक कसले ह्याला?”

“विजेचे,” मी म्हणाले.

“विजेचे? मिक्सर हाय का हा?” तो हसला नि जॅक काढून दिला. “घ्या, तुमचं तुम्ही बघा. मला झटका खायचा न्हाय.”

हे ब्रेक खरंच वेगळे असतात. आमचा ट्रेलर पुण्याकडच्या एका घोडेवाल्याकडून आला होता आणि त्याच्याकडे परदेशातून. पिकअपचा ब्रेक दाबला की स्टिअरिंगखालच्या एका डबीतून वीज मागे जाते. ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या डब्यात एक लोहचुंबक असतं, ते फिरत्या डब्याला चिकटतं आणि ब्रेकचे पट्टे बाहेर ढकलतं. किती जोरात, ते डबीवरच्या गोल खुंटीनं ठरतं. एक नंबर म्हणजे चिमटा, दहा म्हणजे गळा.

भावजींनी आत हात घालून खुंटी दहावर नेली. “झालं. पाचावर ठिवलं व्हतं वैनीनी. चला.”

“सकाळीच आठावर नेली होती मी. तरी ढकलतोय.”

“मग वायर. प्लग ढिला असणार. विजेच्या वस्तूत धा पैकी नऊ वेळा वायर असती.” हे त्यांना मोबाईलमधल्या कुठल्याशा बाबानं शिकवलं होतं. भावजींनी जोडणीतला जाड प्लग उपसला, त्यात तोंडानं फुंकर मारली आणि परत खुपसला. मग पाठीमागे हात बांधून उभे राहिले, जणू आता ट्रेलरनं येऊन त्यांच्या पाया पडावं.

मी साळुंकीला खाली उतरवून बाभळीला बांधलं. उजव्या बाजूचं मागचं चाक जॅकवर उचललं.

“भावजी, आत बसा नि डबीवरची ट्रेलरच्या ब्रेकची कळ दाबून धरा.”

“काय उपयोग न्हाय.”

“उपयोग नसला तर बसायला तर मिळेल.”

ते बसले. मी चाक हातानं जोरात फिरवलं. त्यांनी कळ दाबली. चाकाच्या आतून मधमाशी गुणगुणावी तसा आवाज आला. वीज पोचत होती. चुंबक जागं होतं. पण चाक आपलं फिरतंय, फिरतंय, झोपाळ्यासारखं निवांत. थांबलं ते स्वतःच्या मर्जीनं.

“वायर चांगली आहे,” मी म्हणाले. “आवाज ऐका. वीज येते, पण पकड धरत नाही.”

“मग चुंबक गेलं.”

“गेलं असतं तर गुणगुणलं नसतं.”

“तुम्हाला लई कळतं!” भावजी खाली उतरले नि पांढऱ्या बुटावरची धूळ रुमालानं झटकू लागले. “आबा, मी सांगतो. मी चालवतो. पयल्या गिअरात टाकतो नि उतरवतो. घोडीसकट. घाट काय, उतारच तर हाय.”

“उतारच तर हाय,” आबा त्यांची नक्कल करत म्हणाले. “हिरीत पडणाराबी उतारच उतरतो.”

आबांना पोरगा आवडत नसे, सून आवडत नसे, ट्रेलर तर डोळ्यांसमोर नको असे. ‘घोडं पेटीत घालून न्यायचं म्हंजे मयत न्यायचं,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साळुंकी एवढी एकच त्यांना आवडे, आणि तिलाही ते कधी चांगलं म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं. फक्त तिच्या मानेवरून हात फिरवताना त्यांचा आवाज उतरायचा, उतू जाणाऱ्या दुधावर पाणी शिंपडावं तसा.

मी चाक काढलं. मधलं झाकण उडवलं, पिन सरळ केली, मोठं नट फिरवलं. काम करताना मला जात्यावरल्या ओव्या आठवायच्या. आईच्या तोंडच्या चाली, शब्द माझे. त्या दिवशी माझ्या तोंडून आपसूक निघालं,

“दीर माझा गं देखणा, त्येच्या मिशीला पिळणी
घोडं तहानलं दारी, ह्येच्या हातामंदी फणी”

हारूण टायर फुगवता फुगवता खो खो हसला. भावजींना अर्थ पोचायला जरा वेळ लागला.

“माझ्यावर गाताय व्हय?”

“छे! ओवी जुनी आहे. दीर काय, सगळ्यांनाच असतात.”

डबा खेचला तसा तो चप्प आवाज करून सुटला. आत काळंकुट्ट वंगण. नुसता लेप नव्हे, लादा. चुंबकावर वंगण, स्प्रिंगांवर वंगण, ब्रेकचे पट्टे तर वंगणात पोहत होते. आतल्या बाजूची रबराची चकती, जी वंगणाला बेअरिंगपाशी अडवून ठेवते, ती पार उलटून बाहेर आली होती. मी दुसरं चाक खोललं, मग उरलेली दोन. तेच. चुंबक बिचारं डब्याला चिकटायला बघत होतं आणि लोण्याच्या गोळ्यावरून घसरत होतं.

 वंगण कुणाचं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. आमच्या घरचा नियमच तो. आबांच्या तरुणपणी घरी तीन बैलगाड्या होत्या. ‘वंगणाशिवाय चाक येशीबाहेर काढायचं न्हाय.’ ट्रेलर आला तसा त्यांनी वंगणाचा पंप आणवला. प्रत्येक खेपेच्या सकाळी आबा धोतर खोचून चारी चाकांपाशी बसायचे, मधलं रबरी टोपण उघडून पंप दाबायचे आणि मग चाकाला हळदीकुंकवाची बोटं ओढायचे. मालकांनीच त्यांना भोक दाखवून दिलं होतं.

“बघा!” भावजींचा चेहरा उजळला. “आबा, अवो ही बैलगाडी हाय व्हय? किती वंगण? ह्येच्यात भजी तळायची व्हती का?”

“चाकाला वंगण घालायचं न्हाय तर काय मध घालायचा?”

“पर ह्ये ब्रेक हाईत!”

“बैलगाडीला ब्रेक नसतो,” आबा म्हणाले. “म्हणून ती कधी मागनं ढकलत न्हाय. तुमचा ब्रेक वंगणाला भितो, तर त्येला ब्रेक कशाला म्हणायचं?”

भावजी हसत होते. मग एकाएकी त्यांना काहीतरी सुचलं, आणि ते माझ्यासाठी जास्त वाईट होतं.

“थांबा. आबा तर पयल्या दिसापासनं वंगण घालत्यात. दादा चालवत व्हता तवाबी. मी चालवत व्हतो तवाबी. मग तवा का न्हाय ह्ये असं झालं? आँ? वैनीच्याच हातात आल्यावर का? कायतरी तुमच्या चालवण्यातच हाय. चाकं तापवत असशीला, वंगण पातळ होऊन भायेर येत असंल.”

 खरंच, तेव्हा का नाही? मी आबांकडे पाहिलं. ते साळुंकीच्या खुरातला खडा काढत होते.

हारूणच्या पेट्रोलनं मी डबे धुतले, चुंबकं पुसली, पट्टे घासले. पण पट्ट्यांच्या आत वंगण मुरलं होतं. तूप प्यालेली पोळी फडक्यानं पुसून कोरडी होत नाही. चाकं परत बसवून पुन्हा फिरवून पाहिलं. थोडं अडत होतं, पण घाटाला पुरेसं नव्हतं.

“नवे पट्टे चाळीसगावात बघायला हवेत,” मी म्हणाले. “घोडी घालून हा ट्रेलर घाट उतरणार नाही.”

“मी उतरवतो म्हणतोय ना!”

“तुम्ही उतराल. ती का उतरेल तुमच्यासोबत?”

“आबा, बघा कशी बोलती! उद्या सकाळी सारंगखेड्यात पंच बसणार. हिथं बसून पेरू खायचं का आपण?”

आबांनी बाभळीचा दोर सोडला. “घोडीला पाय हाईत,” ते म्हणाले. “चार. ती चालत उतरंल.”

“चालत? आपल्या शेंडग्यांची घोडी घाटात चालत? लोकं हसतील!”

“हसू देत. दातबी झिजत्यात म्हणं त्यानं.” मग माझ्याकडे न बघता, “ट्रेलर रिकामा ह्यो आणंल. लई हौस हाय त्येला. तू दोर धर. माझ्या गुडघ्याला काय भरवसा न्हाय.”

चावी हातात घेताना भावजींनी गॉगल लावला. जिंकल्यासारखे हसले ते. मीही ओळखलं, चावी गेली. दारात सगळ्यांदेखत बोललेला शब्द आबा परत घेत नसत.

“पहिल्या गिअरात ठेवा,” मी खिडकीतून सांगितलं. “माथ्यापासूनच. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, तापतील.”

“मला शिकवू नका, वैनी.”

आम्ही निघालो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि कठड्यापलीकडे निळं, धूसर खानदेश. मार्गशीर्षाचं ऊन अंगावर हलकं पडत होतं. साळुंकी आधी बिथरली. ट्रक हॉर्न मारत घसटून जायचे. तिचे कान मागे पडले, नाकपुड्या फुलल्या. मी दोर आखडला. तेव्हा तिच्या पलीकडून आबांचा आवाज आला, खरखरीत, बसका,

“चल चल गं साळुंके, घाट उतर हळूहळू
वाट वाकडी तिकडी, नको कडंला तू वळू”

लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, पण आबांना गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. घोडीनं कान उभे केले. तिची पावलं त्या चालीत पडू लागली. मी तोंड दुसरीकडे फिरवून चालत राहिले, न जाणो माझ्याकडे बघून ते थांबायचे.

दोन वळणं झाल्यावर मी विचारलंच.

“आबा, भावजी म्हणतात ते खरं आहे का? आधी का नव्हतं बाहेर आलं वंगण?”

“त्येला काय कळतंय. बूट धुवायला लागतंय त्येला.”

“पण का?”

 वहाणा करकर वाजत राहिल्या.

“शिदू जायचा तवा दोन दाब घालायचो,” ते म्हणाले. शिदू म्हणजे आमचे मालक. “दर चाकाला दोन. बिऱ्या जायचा तवा येक. त्येला तेवढंच लई झालं.”

“आणि मी?”

“तुझं काय. तुझ्या येळंला भायेर येईस्तवर.”

“बाहेर येईपर्यंत?”

“मग? बाईच्या हातात गाडी दिल्यावर काय करायचं?” आबा एकदम चिडून बोलले. “चाक अडकलं, जाम झालं, कुठं माळावर उभं ऱ्हायलं, तर पुरुषमाणूस चार शिव्या घालंल, कुणाचा तरी ट्रक थांबवंल. तू काय करणार हायेस? रस्त्यात पदर तोंडाला लावून रडणार. म्हणून घालत व्हतो. दर खेपंला. हात दुखूस्तवर पंप मारायचो. भरवसाच न्हाय तुझा.”

“हो,” मी म्हणाले.

“हो काय? भरवसा न्हाय म्हणतोय मी.”

“ऐकलं ना, आबा.”

“घोडीकडं बघ. खाली बघून चालती. ठेच लागंल.”

मी घोडीकडे पाहिलं. त्यांना माझ्याकडे बघायचं नव्हतं, आणि मलाही त्या वेळी कुणाकडे बघवलं नसतं.

एका वळणावर मागून ट्रेलर आला. पिकअप पहिल्या गिअरात रडत होती आणि ब्रेकही दाबून धरलेला होता, जळल्याचा वास वळणाआधीच पोचला. भावजींनी गॉगल काढला होता. आमच्याकडे त्यांनी मान वळवली नाही. वळवली असती तर कठड्यावर गेले असते. ट्रेलर त्यांना मागून ढोसत होता, एक ढोस, परत एक ढोस, आणि ‘बी. डी. शेठ’ डुलत डुलत आमच्यापुढे निघून गेले.

“गेला,” आबा म्हणाले. “हळू चालू. वाटंत सापडला तर वेचून घिऊ.”

सापडले ते पायथ्याशी. पिकअप रस्त्याच्या कडेला वाकडी उभी होती, पुढच्या चाकांतून निळा धूर निघत होता. भावजी एका दगडावर बसले होते. पांढरे बूट त्यांनी का कुणास ठाऊक काढून बाजूला ठेवले होते. हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

“वैनी,” ते बारीक आवाजात म्हणाले. “ढकलतोय वो त्यो.”

“पाय जड असेल तुमचा,” मी म्हणाले.

पेरूंच्या हातगाडीपासून मी एवढं एक वाक्य जपून आणलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर पडल्यावर ते मला वाटलं होतं तेवढं गोड लागलं नाही. हा माणूस मनातल्या मनात चिरडण्याएवढाही मोठा उरला नव्हता.

चाकं निवेपर्यंत आम्ही बसलो. साळुंकी पाणी प्यायली. चाळीसगावपर्यंत पुढे सपाट रस्ता होता, पण घोडी ट्रेलरमध्ये घालायची नाही, हे कुणी न बोलता ठरलं. रिकामा ट्रेलर बैलगाडीच्या चालीनं जाणार, घोडी मागून चालत येणार, आणि चाळीसगावात नवे पट्टे बसले की रात्रीतून सारंगखेडा गाठायचं. प्रश्न फक्त कोण काय करणार, हा होता.

“आबा,” भावजी म्हणाले, “मी घोडी आणतो चालवत. मला... पाय मोकळं करायचं हाईत.”

“कर,” आबा म्हणाले. “बूट हातात धर, मळतील.”

भावजी अनवाणीच उठले आणि त्यांनी माझ्या हातातून दोर घेतला. साळुंकीनं त्यांचा वास घेतला नि फुरफुरली. ती तरी काय करणार.

मी पिकअपमध्ये बसले. चावी तिथेच लटकत होती. आबा मागचं दार उघडतील म्हणून मी थांबले, पण ते बोनेटला वळसा घालून पुढे आले. पुढचं दार उघडून, गुडघ्याला शिव्या घालत, माझ्या शेजारी चढले. काच खाली घेतली, वर घेतली, परत खाली घेतली. पटका काढून मांडीवर ठेवला.

“काय बघतीस? चल.”

मी पहिला गिअर टाकला. ट्रेलर हलला, कुरकुरला आणि मुकाट्यानं मागून यायला लागला. आरशात भावजी दिसत होते, एका हातात दोर, दुसऱ्या हातात बूट.

“खड्डं बघून चालव,” आबा म्हणाले. “तुमा बायकांना खड्डं दिसत न्हाईत.”

“बघते, आबा.”

“नुसतं बघते म्हणू नगंस.”

“नाही म्हणत.”

थोडा वेळ ते रस्त्याकडे डोळे वटारून बसले. मग त्यांची मान एकदा पुढे गेली, सावरली, परत गेली, आणि पहिला मैलाचा दगड मागे पडायच्या आत ते तोंड उघडं टाकून घोरायला लागले.